चाचांनी बांधलेला हात

‘मला काही झालं नाही’ हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा म्हटलं असेल. चुलीचा चटका बसला तरी म्हटलं, सासूबाईंनी चार शब्द सुनावले तरी म्हटलं, अंगात ताप असताना मशीनवर बसले तेव्हाही म्हटलं. पण एकदा ते पोलिसाच्या वहीसमोर म्हटलं आणि ते असं काही मानगुटीवर बसलं की ते खोडून काढायला मला दोन वर्षं वसमतच्या कोर्टात चकरा माराव्या लागल्या.

मी कुरुंद्यात ब्लाउज शिवते. बावीस वर्षं झाली. माझी एक वाईट खोड आहे, माणूस समोर आला की मी आधी त्याचे खांदे बघते, मग तोंड. एखाद्या बाईचं नाव विसरेन, पण तिचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेचा घेर, किती इंचाचा आहे ते विसरत नाही. गावात मला मान आहे तो एवढ्याच गोष्टीचा, आणि तो मान दोन हातांत आहे, त्यातही उजव्यात जास्त. हे आधी सांगते, कारण पुढं मी जो मूर्खपणा केला तो या मानापायीच केला.

शेतातल्या हळदी काढून शिजवायचे दिवस होते. एका लग्नघरचे अकरा ब्लाउज माझ्याकडं आले होते आणि अस्तराचे रंग जुळत नव्हते म्हणून मी वसमतला गेले होते. दुपारच्या बसनं परत निघाले. तिसऱ्या सीटवर जागा मिळाली. मांडीवर कापडाचं गाठोडं, उजव्या हातानं समोरच्या सीटचा लोखंडी दांडा धरलेला. अर्ध्या वाटेत ड्रायव्हरनं पुढच्या ट्रॅक्टरला मागं टाकायला गाडी बाहेर काढली, समोरून ट्रक आला म्हणून ड्रायव्हरनं ती एकदम डावीकडं दाबली आणि ती रस्ता सोडून खाली उतरली ती बाभळीला धडकूनच थांबली. माझ्या अंगाचा सगळा भार त्या एका मनगटावर आला. आत वाळकी काडी मोडावी तसा बारीक आवाज झाला. तो कुणाला ऐकू गेला नसेल, मला गेला.

कुणी मेलं नाही, हे आधी सांगून टाकते. कुणाचं कपाळ फुटलं, कुणाचे दात पडले. ज्यांना रक्त आलं त्यांना ॲम्ब्युलन्सनं नेलं. मग पोलीस आला आणि वही काढून एकेकाला विचारू लागला, कुणाला कुठं लागलंय, नाव सांगा. माझा हात तोवर मनगटापाशी सुजून आला होता आणि बांगड्या रुतत होत्या. मी नाव सांगणार तोच माझ्या शेजारी उभी असलेली बाई माझ्या हाताकडं बघायला लागली. ती त्या लग्नघरची, नवरीची मावशी. तिनं विचारलं, हाताला काय झालं? माझ्या डोळ्यांपुढं ते अकरा ब्लाउज आले. शिंपिणीचा हात मोडला ही बातमी संध्याकाळपर्यंत गावात पोचली असती आणि दुसऱ्या दिवशी सगळी कापडं उठून दुसरीकडं गेली असती. मी हात पदराखाली घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, मला काही झालं नाही. पोलीस पुढच्या माणसाकडं वळला.

घरी आल्यावर नवऱ्यानं हात बघितला आणि कपाळाला हात लावला. दवाखान्याचं नाव कुणीच काढलं नाही. दवाखान्यात पांढरं प्लास्टर घालतात आणि ते गावभर दिसतं, हा एक विचार. दुसरा असा की आमच्या घरात हाड मोडलं की चाचांकडं जायचं, ही रीतच होती. नवऱ्याचा पाय त्यांनी बसवला होता, सासूबाईंचा खुबा त्यांनीच बसवला होता. आम्ही दोन गल्ल्या ओलांडून त्यांच्याकडं गेलो.

चाचांना सगळं गाव चाचाच म्हणतं. थोडी जमीन आहे, ती मुलगा बघतो. हाडं बांधायचं काम त्यांच्या वडिलांकडून आलेलं. जवळा बाजारहून, हट्ट्याहून माणसं यायची, कधी कुणी बैल घेऊनसुद्धा यायचं. पैसे घ्यायचे नाहीत, अशी वडिलांनी घातलेली अट. मग लोक आपापल्या परीनं काही करायचे. कुणी नांगर फिरवून द्यायचा, कुणी कडब्याच्या पेंढ्या टाकायचा. मी दर ईदला त्यांचा कुर्ता शिवायचे. त्यांच्या कामाची सुरुवात ठरलेली असायची. माणूस ओट्यावर बसला की कसं पडलास, कुठं दुखतं असलं काही विचारायचे नाहीत. आधी हात आपल्या हातात घ्यायचे, डोळे मिटायचे आणि अंगठा हाडावरून सावकाश दाबत न्यायचे. अंगठा थांबला की समजायचं, इथं आहे.

माझ्या मनगटावर अंगठा लगेच थांबला. ते नवऱ्याकडं बघून म्हणाले, “बांगड्या वाढवाव्या लागतील.” फोडाव्या असं ते म्हणाले नाहीत, आमच्यात सवाष्णीच्या बांगड्यांना तसं म्हणत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. ओलं फडकं घालून एकेक बांगडी त्यांनी हलकेच दाबली. खाली बसचं तिकीट निघालं, मी ते सवयीनं बांगड्यांत खोचलं होतं. काचा आणि तिकीट त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून माझ्या मांडीवर ठेवलं. मग नवऱ्यानं कोपर धरलं आणि चाचांनी हात ओढला. मी ओरडले ते पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं असेल. ओढताना काहीतरी थरथरलं, मला वाटलं माझाच हात थरथरतोय. वरून अंड्यातला पांढरा भाग आणि हळद, बांबूच्या पट्ट्या, माझ्याच जुन्या साडीच्या चिंध्या. चाळीस दिवस हलवू नको, असं सांगितलं.

लग्नघरचे ब्लाउज शेवटी दुसऱ्या शिंपिणीनं शिवले. लपवलेलं चार दिवसही लपलं नाही, तेव्हा त्या खोट्याचा उपयोग काय झाला हे माझं मलाच विचारायची लाज वाटायची. चाळीस दिवसांनी पट्ट्या सुटल्या. हात बाहेर आला तो बारीक, पिवळा आणि मनगटापाशी एका बाजूला कललेला. कात्री उचलली तर बोटं मिटेनात. मी रोज सकाळी उठून आधी कात्री धरून बघायचे. रोज ती गळून पडायची, आणि पडण्याचा आवाज आत नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून खाली गोधडी अंथरून ठेवायचे.

शेवटी वसमतला दवाखान्यात हाडाचा फोटो काढला. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडं धरला आणि म्हणाले, हाड जुळलंय पण वाकडं जुळलंय. ऑपरेशन करून परत बसवावं लागेल, तरी पहिल्यासारखा होईल असा भरवसा नाही. कुणी बांधलं, असं त्यांनी विचारलं. घरीच, असं मी म्हणाले. कसं मोडलं ते मी सांगितल्यावर ते म्हणाले की बसचा अपघात असेल तर आधी एखादा वकील गाठा, उशीर करू नका.

वकील एक तरुण बाई होती. तिच्या काळ्या कोटाची बाही अर्धा इंच लांब होती आणि बोलता बोलता ती सारखी वर सरकवायची. माझा धीर थोडा त्या बाहीमुळंच राहिला, नाहीतर तिनं जे सांगितलं त्यात धीर देण्यासारखं काही नव्हतं. ती म्हणाली, वाटा तशा दोन-तीन असतात. अपघात झाल्या झाल्या बसवाल्यांकडून तातडीची मदत मिळते, पण ती जखमींच्या यादीत नाव असणाऱ्यांना, आणि तुमचं नाव यादीत नाही. लोकअदालतीत तडजोड होते, पण तुम्हाला लागलं होतं हे समोरच्यानं आधी मानायला हवं. उरला तो अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा. तो बसच्या मालकावर आणि विमा कंपनीवर लावायचा. ड्रायव्हरवर पोलिसांनी गुन्हा नोंदवलाय, तो खटला वेगळा चालेल. दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत टाकलेला बरा, नाहीतर उशिरावरूनच भांडण सुरू होईल. त्यातले अडीच महिने मी आधी पट्ट्यांत आणि मग कात्री उचलण्यात घालवले होते.

मी मोठ्या ऐटीत म्हणाले की माझ्याकडं तिकीट आहे. घरी येऊन भिंतीतल्या देवळीत ठेवलेली ती पुडी सोडली. काचा होत्या, तिकीटही होतं, पण त्यावर एक अक्षर नव्हतं. कंडक्टरच्या मशीनमधून निघालेल्या त्या कागदावरची शाई उडून गेली होती. मी तो कोरा तुकडा खिडकीशी धरून उलटा केला, तिरका केला, डोळ्यांना पाणी येईपर्यंत बघितला. वकीलबाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, तिकिटाचं एवढं नाही. तुम्ही गाडीत होता हे गाडीतली माणसं सांगतील. पण तीच माणसं हेही सांगतील की तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, मला काही झालं नाही. हात त्याच दिवशी मोडला होता हे कोण सांगेल?

हे सांगू शकणारं घराबाहेरचं माणूस एकच होतं. वकीलबाईंनी मला दुसरी बाजूही सांगितली, आणि ती त्यांनी सांगितली नसती तर बरं, असं मला वाटलं. चाचा साक्षीला आले तर त्यांना पहिला प्रश्न येणार की तुमच्याकडं डॉक्टरकीची सनद आहे का. नसताना इलाज करणं गुन्हा आहे. ते एकदा कोर्टाच्या कागदावर आलं की कुणीही तक्रार करू शकतं. शिवाय समोरचे वकील म्हणणार की हात बसनं नाही, या माणसानं बिघडवला. तुम्हीच ठरवा, असं म्हणून त्यांनी बाही वर सरकवली.

त्या दिवसांत मला कॅलेंडरची भीती वाटायला लागली. शिलाई बंद, घर नवऱ्याच्या एकट्याच्या कष्टावर, आणि ऑपरेशनसाठी हातात पैसा नाही. तरी नवरा साफ म्हणाला की चाचांना कोर्टात उभं करायचं नाही, ज्यांनी आईला चालतं केलं त्यांच्याशी असं वागणं बरोबर नाही. मी त्याच्यावर चिडले. खरं सांगायचं तर मी चाचांवरही चिडले होते. वाकडा हात मी रोज उशाशी घेऊन झोपत होते, ते नव्हते. मग त्या चिडण्याचीच लाज वाटायची, आणि लाज वाटली की परत चिडायचे. असे तीन आठवडे गेले.

एका सकाळी मी कुणाला न सांगता त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. पण त्यांनी नेहमीसारखा माझा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि अंगठा हाडावरून नेला. कललेल्या जागी अंगठा थांबला आणि तिथंच राहिला. मी पाठ केलेलं विसरले.

“त्या दिवशी ओढताना माझा हात हालला होता, बाई,” ते म्हणाले. “मला तवाच कळलं. सोडून पुन्हा बांधावं वाटलं, पर तू लई ओरडली होतीस.”

“मग बोलला काहून न्हाई?”

“लाज वाटली.”

मी उठून जाणार होते. उठलेही असते, पण त्यांनी माझा हात सोडला नव्हता आणि आता थरथर कुणाच्या हाताची आहे ते मला स्पष्ट कळत होतं. मी परत बसले आणि सगळं सांगितलं. कोर्टाचं, सहा महिन्यांचं, सनदेचं, गुन्ह्याचं. काही लपवलं नाही, कारण लपवण्याचा एक नमुना माझ्या पदरात आधीच होता. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, खरं सांगितलं तर तुझं काम होईल का. मला माहीत न्हाई, असं मी म्हणाले.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “येतो मी.”

कागद जमवता जमवता मुदतीला नऊ दिवस उरले असताना दावा दाखल झाला. समोरून लेखी उत्तर आलं, ते वकीलबाईंनी मला वाचून दाखवलं. या बाईला अपघातात काहीही लागलेलं नव्हतं, हात पुढं कधीतरी घरी पडून मोडला असावा, आता दोष बसवर ढकलला जातोय. मला खोटारडी म्हटलं होतं, आणि वाईट हे की त्या खोट्याला आधार माझ्याच वाक्याचा होता. जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन हात किती टक्के कामातून गेला त्याचा दाखला आणला. मग तारखा सुरू झाल्या. तारखेच्या आदल्या दिवशी मला जेवण जायचं नाही. तारीख पडून पुढची मिळाली की वाईट वाटायचं आणि सुटल्यासारखंही वाटायचं.

माझी साक्ष आधी झाली. समोरच्या वकिलांनी विचारलं, पोलिसांना काही झालं नाही असं सांगितलंत हे खरं का? मी हो म्हणाले. काहून म्हणालात, असं त्यांनी विचारलं नाही, पण मी सांगितलं. अकरा ब्लाउजचं सांगितलं, मावशीचं सांगितलं. मागं कुणीतरी हसलं. जज्जसाहेब हसले नाहीत, त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

पुढच्या तारखेला चाचा आले. अंगात मी दोन ईदांपूर्वी शिवलेला पांढरा कुर्ता होता, कॉलर विरलेली. अपघातानंतरच्या दोन्ही ईदांना मी त्यांना नवा शिवून देऊ शकले नव्हते. मी मान खाली घातली. सनद आहे का, या प्रश्नाला त्यांनी न्हाई म्हटलं. शिक्षण किती, या प्रश्नालाही जवळजवळ तेच उत्तर दिलं. समोरच्या वकिलांना चेव आला. ते पुढं सरकून म्हणाले, म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही या बाईंचं मोडलेलं हाड चुकीचं बांधलंत आणि तुमच्यामुळं हा हात असा झाला, बरोबर?

“व्हय साहेब,” चाचा म्हणाले. “माझ्या हातानं झालं.”

सगळं गेलं, असंच वाटलं. पण वकीलबाई शेजारी शांत बसल्या होत्या आणि त्यांनी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. नंतर बाहेर त्यांनी समजावून सांगितलं की त्या एका प्रश्नात समोरच्यांनी आपलंच उत्तर बुडवलं. हाड त्या संध्याकाळी चुकीचं बांधलं म्हणायचं, तर ते त्या संध्याकाळी मोडलेलं होतं हे आधी मान्य करावं लागतं. घरी नंतर पडून मोडल्याची गोष्ट तिथंच संपली.

पण त्याआधी आणखी एक गोष्ट झाली. चाचा साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरणार तेवढ्यात जज्जसाहेबांनी त्यांना थांबवलं आणि शांतपणे विचारलं, अजूनही लोकांची हाडं बांधता का?

चाचांनी आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं. “आजपासून न्हाई,” ते म्हणाले.

निकाल काही महिन्यांनी लागला. दावा मंजूर झाला. हात बिघडण्यात बांधण्याचाही वाटा आहे म्हणून भरपाईत थोडी कपात झाली, ती वकीलबाईंच्या मते योग्यच होती. नांदेडला ऑपरेशन झालं. हात पहिल्यासारखा नाही झाला, पण तासभर कात्री धरता येते. थंडीत ठणकतो. चाचांवर कुणी तक्रार केली नाही. मी मात्र कितीतरी दिवस दारात मोटारसायकल थांबली तरी पोलीस आले की काय म्हणून दचकायचे, आणि ती भीती माझ्यासाठी नव्हती, चाचांसाठी होती.

हात बरा झाल्यावर पहिलं कापड कापलं ते चाचांच्या कुर्त्याचं. एरवी दोन तासांचं काम, चार दिवस लागले. घडी करून घेऊन गेले तेव्हा ओट्यावर हट्ट्याकडची एक बाई पाय लांब करून बसली होती, घोटा टम्म सुजलेला. चाचा भिंतीला टेकून, दोन्ही हात शालीखाली घेऊन बसले होते. ते तिच्या माणसाला सांगत होते की आधी दवाखान्यात फोटो काढा, आणि गाडीवरून पडली असंल तर पोलिसात नाव लिवा, लाजू नका. तो माणूस गयावया करत होता की नुसता हात लावून बघा. चाचांनी मान हलवली. ती दोघं निघून गेली आणि जाताना मागं वळून बघत होती.

मी कुर्ता त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि नेहमीच्या सवयीनं उजवा हात पुढं केला. त्यांनी तो बघितला. शालीखालचे हात हलले, पण बाहेर आले नाहीत.

“कोर्टात सांगितलंय, बाई,” ते म्हणाले.

मी हात मागं घेतला. मला रडू येत होतं आणि मी ते थांबवलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी शाल बाजूला केली, कुर्ता उचलून मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि बाहीच्या शिवणीवर अंगठा ठेवला. खांद्यापासून खाली, सावकाश दाबत, मनगटाच्या पट्टीपर्यंत नेला. अंगठा कुठंच थांबला नाही.

“सरळ आलीय,” ते म्हणाले.